खडकाच्या कपारीत रंगीत, चिवट झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी, पण जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच कारण सापडतं: झाडाची मान ओली राहिली. मान म्हणजे मुळं संपून खोड सुरू होतं ती जागा. खडकावरची झाडं उन्हाने क्वचित मरतात. मरतात ती मानेपाशी साचलेल्या ओलीने. हे लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा, म्हणजे दगड का तसेच लावायचे आणि माती का इतकी कमी घालायची हे आपोआप कळत जाईल.

१. कपारीची बाग आणि साधं रॉक गार्डन यांत फरक काय?

साध्या रॉक गार्डनमध्ये मातीच्या उंचवट्यावर दगड मांडलेले असतात आणि झाडं त्यांच्यामधल्या मोकळ्या मातीत लावतात. कपारीच्या बागेत चपटे दगड उभे, एकमेकांना जवळजवळ खेटून रोवतात. मधे बोटभर रुंदीची पण खोल फट उरते आणि झाड त्या फटीतच वाढतं. जमिनीतून खडकाचा थर वर आलाय असं दिसलं की बाग जमली.

दगडांत झाडं लावायची हौस तशी जुनी. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली रॉक गार्डन उभं राहिलं; त्यात आइसलंडहून आलेले लाव्हाचे दगडही वापरले होते. दगड उभे लावायची पद्धत मात्र त्यामानाने नवी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेक बागवानांनी ती रुजवली आणि झ्डेनेक झ्वोलानेक यांच्यासारख्यांनी ती देशोदेशी नेली.

२. फटीत माती मूठभरच असते. झाड जगतं कशावर?

मागे एक कपार दगड हलला म्हणून उघडावी लागली. वर तळहाताएवढा डायअँथसचा (कार्नेशनच्या जातकुळीतलं बुटकं फुलझाड) गादीसारखा झुपका होता. खाली त्याची मुळं हातभर खोल गेली होती आणि दोन दगडांमध्ये दाबली जाऊन फितीसारखी चपटी झाली होती. दगड बाजूला केला तर त्याच्या आतल्या अंगावर बारीक केसासारखी मुळं जाळीसारखी चिकटलेली. दुपारची वेळ होती, वरचा दगड चटका देत होता, पण हा आतला भाग हाताला गार आणि किंचित दमट लागला.

यातच उत्तर आलं. दगडाखाली वाफ लवकर उडून जात नाही, त्यामुळे खोलवर ओल टिकते. दगडावर पडलेलं पावसाचं पाणी थेट फटीत उतरतं, म्हणजे लहानशा फटीलाही मोठ्या पृष्ठभागाचं पाणी मिळतं. आणि वर, मानेपाशी, पाणी थांबायला जागाच नसते. खाली गारवा, वर कोरडेपणा. सपाट वाफ्यात या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

३. कोणता दगड घ्यावा?

चपटा आणि थराथराने फुटणारा दगड लावायला सोपा जातो: वालुकाश्म, चुनखडक, स्लेट. बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट टिकाऊ आहेत, पण गोलसर तुकडे मिळाले तर फट नीट जुळत नाही. काळा दगड जास्त तापतो, म्हणून कडक उन्हाच्या प्रदेशात फिकट दगड निवडलेला बरा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. सावलीच्या बाजूला तो छान, पण मान सडणाऱ्या झाडांना नको.

दगडात चुना आहे का हे घरच्या घरी पाहता येतं. दगडाचा कोपरा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. चंदेरी सॅक्सिफ्रागा, डायअँथस, ऑब्रिएटा या थंड हवेतल्या फुलझाडांना (प्रश्न ६ पाहा) चुना चालतो. आम्लधर्मी माती मागणारी झाडं अशा दगडात पिवळी पडतात. एका बागेत शक्यतो एकाच जातीचा दगड वापरा. तीन प्रकारचे दगड एकत्र आले की बाग ढिगाऱ्यासारखी दिसते, आणि हे नंतर कशानेही झाकता येत नाही.

४. दगड लावायचे कसे? मधली फट किती ठेवायची?

सगळी मेहनत इथे आहे, म्हणून घाई करू नका.

आधी ३० ते ६० सेंटिमीटर उंचीचा मातीचा उंचवटा करा. भरड वाळू, खडी, साधी माती काहीही चालेल, पण पाणी मुरलं पाहिजे. पाऊस जास्त तितका उंचवटा उंच. तो एकदा भरपूर भिजवून आठ-पंधरा दिवस बसू द्या, नाहीतर दगड लावल्यावर खाली खचतो आणि फटी उघड्या पडतात.

दगड सर्वांत खालच्या कडेपासून लावायला घ्या. प्रत्येक दगड काठावर उभा करायचा आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीत जायला हवा. हे ऐकून वाईट वाटतं, चांगला दगड गाडून टाकायचा म्हणजे काय! पण गाडलेल्या भागामुळेच मुळांना खोल वाट मिळते. सगळ्या दगडांचा कल एकाच दिशेला ठेवा, जसे खडकातले थर असतात. वरचा काठ किंचित मागे झुकलेला असला की पाणी घसरून वाया न जाता फटीत शिरतं.

फट साधारण २ ते ३ सेंटिमीटर. पाचाच्या पुढे गेली की ती फट राहत नाही, वाफा होतो. दगड लावून झाला की त्यावर उभं राहून पाहा. तो हलला तर पुन्हा काढून लावा, कारण हलणारा दगड कोवळी मुळं चिरडतो. दोन दगडांमध्ये खाली चिपा ठोकल्या की ते घट्ट बसतात. सिमेंट मात्र वापरू नका; त्याने पाण्याची वाटही बंद होते आणि चुनाही वाढतो.

फटी पूर्व-पश्चिम धावतील अशा ठेवल्या तर उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची बाजू उन्हाची आणि उत्तरेकडची सावलीची होते. एकाच बागेत दोन हवामानं मिळतात (सावलीच्या बाजूसाठी प्रश्न १४ पाहा).

५. फटीत काय भरायचं? बागेची माती चालेल?

नुसती बागेची माती नको, ती घट्ट बसते. तीन भाग भरड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग माती, एक भाग चाळलेलं पानांचं खत, हे मिश्रण बहुतेक झाडांना पुरतं. खडीचे दाणे २ ते ६ मिलिमीटरचे असावेत. गिलाव्याची बारीक वाळू घेऊ नका, ती मातीच्या कणांमधली हवा बंद करते. समुद्राची वाळू मिठामुळे बाद.

मिश्रण कोरडं असताना भरा आणि चपट्या पट्टीने खालपर्यंत कोंबा. आत पोकळी राहिली तर मूळ तिथे पोचून वाळतं. वरून २ सेंटिमीटर नुसती खडी पसरा. मान या खडीत बसायला हवी, मातीत नाही. इतक्या साध्या गोष्टीने वाचलेली रोपं मी मोजू शकत नाही.

६. थंड हवामानात कोणती झाडं लावावीत?

इथे निवड अफाट आहे. वसंतात जांभळ्या-गुलाबी चादरीसारखी पसरणारी ऑब्रिएटा, पिवळीधमक ऑरिनिया, जमिनीलगत पसरणारं फ्लॉक्स सुब्युलाटा, सुवासिक डायअँथस, निळी घंटाफुलं देणारी बुटकी कॅम्पॅन्युला, थाइम. फुलं नसतानाही रंग हवा असेल तर रसाळ पानांचे गुच्छ करणारं सेम्पर्व्हिवम: मरून, राखाडी, तांबूस, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे असलेलं, असे कितीतरी.

सॅक्सिफ्रागाचं लॅटिन नावच ‘दगड फोडणारी’ अशा अर्थाचं आहे. तिच्या चंदेरी जातींच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. ते रोग नव्हेत. पानाच्या काठावरच्या छिद्रांतून चुनायुक्त पाणी बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. बुरशी समजून औषध फवारणाऱ्यांची पत्रं दरवर्षी येतात.

लेविसिया वेगळ्याच चिवटपणाची. शोधप्रवासी मेरिवेदर लुइस यांनी १८०६ मध्ये अमेरिकेत तिचा नमुना गोळा केला. तो वाळवून ठेवलेला होता, तरी पुढे लावल्यावर मुळांना फूट आली. म्हणून तिच्या एका जातीचं नाव ‘रेडिव्हिव्हा’, पुन्हा जिवंत झालेली. अशी ही झाडं दुष्काळ सोसतात, पण गड्ड्यावर पाणी साचलेलं सोसत नाहीत; त्यांना आडवं, उभ्या फटीच्या अंगाला लावा.

७. आमच्याकडे उन्हाळ्यात ४० अंश आणि नंतर महिनोन्महिने पाऊस. आम्ही काय लावावं?

प्रश्न ६ मधली यादी बाजूला ठेवा. ऑब्रिएटा किंवा उंच डोंगरांवरची जेन्शियन यांसारख्या झाडांना थंडीची विश्रांती लागते आणि गार रात्री लागतात. त्या कुठल्याही युक्तीने देता येत नाहीत. पैसे आणि मन दोन्ही मोडतात.

पद्धत मात्र तुमच्याकडेही तीच, फक्त झाडं बदला. चिनी गुलाब फटीत अप्रतिम येतो; लाल, केशरी, पिवळा, राणी, आणि ऊन चढलं की एकदम उघडतो. सदाफुली स्वतःच बी टाकून भेगांतून उगवते, तिला फक्त जागा द्या. काटेरी युफोर्बियाच्या बुटक्या जाती बाराही महिने रंग देतात (चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, छाटताना हातमोजे घाला). जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया खालच्या फटींत. पहिल्या पावसानंतर अचानक फुलणाऱ्या रेन लिलीचे कांदे दगडांच्या पायथ्याला. कलांचो आणि पानफुटी वरच्या, लवकर सुकणाऱ्या फटींत. रसाळ पानांच्या ग्रॅप्टोपेटॅलमच्या नेहमीच्या जातीचं शास्त्रीय नाव पॅराग्वेवरून पडलंय, मूळ मात्र मेक्सिकोतलं. कडक उन्हात ते गुलाबी-राखाडी होतं आणि दगडावरून सुंदर लोंबतं.

८. इतक्या अरुंद फटीत रोप लावायचं कसं? मुळं तुटतात.

रोप मोठं घेतलं की तुटणारच. लहानात लहान रोप घ्या, अंगठ्याएवढं. कुंडीतली माती पाण्यात हलवून पूर्ण धुऊन टाका. ही पायरी अनेकांना क्रूर वाटते, पण कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) गोळा तसाच फटीत बसवला तर मुळं त्या गोळ्याबाहेर येतच नाहीत. गोळा वाळला की रोप गेलं.

धुतलेली मुळं ओल्या वाळूत घोळवा आणि एका चपट्या पट्टीवर लांब सोडा. पट्टीसकट ती फटीत खाली सरकवा, मुळं सरळ खाली जायला हवीत. दुसऱ्या हाताने मिश्रण थोडं थोडं सोडत पट्टी हळूच ओढून घ्या. वरच्या तोंडाला दगडाची चिप खोचून रोप घट्ट करा. शेवटी पान धरून हलकेच ओढा. पान हातात आलं पण रोप हललं नाही तर काम झालं. पहिले दोन आठवडे दुपारच्या उन्हातून आडोसा द्या.

रसाळ झाडांच्या फांद्यांना तर मुळंही लागत नाहीत. कापलेली फांदी चार-पाच दिवस सावलीत ठेवून चीर सुकू द्या आणि मग फटीत खोचा.

दगड लावतानाच थराथराने रोपं बसवत गेलात तर हा सगळा त्रास वाचतो. नवी बाग करत असाल तर तसंच करा.

९. लावायची योग्य वेळ कोणती?

थंड प्रदेशात वसंताची सुरुवात किंवा शरद. उष्ण, पावसाळी प्रदेशात मोठा पाऊस ओसरल्यावर: माती ओली असते आणि कडक ऊन अजून लांब असतं. भर उन्हाळा आणि भर पाऊस दोन्ही टाळा.

१०. पाणी किती आणि कितीदा?

पहिल्या हंगामात रोप रुजेपर्यंत नियमित. नंतर क्वचित, पण द्याल तेव्हा खोलवर जाईल इतकं. रोज शिंपडलेलं थोडं पाणी सर्वांत वाईट: मान ओली राहते आणि मुळं वरच्या वर घुटमळतात. शक्यतो सकाळी द्या. पानं दुपारी मऊ पडून संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर घाबरू नका. सकाळीही मऊच असतील तर आधी मानेला बोट लावून पाहा. ती कोरडी आणि टणक असेल तर पाणी द्या, बुळबुळीत असेल तर प्रश्न १२ कडे जा.

११. आधी लालभडक असलेली पानं हिरवी झाली. खत कमी पडलं का?

उलट, जास्त झालं असण्याची शक्यता अधिक. सेडम (हेही रसाळ पानांचं झाड), सेम्पर्व्हिवम, ग्रॅप्टोपेटॅलम यांच्या पानांतला लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. कडक ऊन, गार रात्री आणि जरा उपाशी माती असली की तो भरतो. नत्र मिळालं, सावली आली, पाणी वाढलं की झाड हिरवं, लांबट आणि मऊ होतं, आणि मऊ झाडावर पिठ्या ढेकूण लगेच बसतो.

शेणखत, गांडूळखत फटीत घालू नका. वर्षातून एकदा, वाढीच्या सुरुवातीला, निम्म्याहून कमी मात्रेत द्रवखत पुरे; रसाळ झाडांना तेही नाही दिलं तरी चालतं. ऋतूनुसार रंग बदलणं मात्र स्वाभाविक आहे. थंडीत लाल आणि पावसात हिरवं होणारं झाड आजारी नसतं.

१२. पावसात झाडं मानेपासून काळी पडून सडतात. वाचवता येतील का?

काळं पडलेलं मूळ परत येत नाही, पण वरचा निरोगी भाग वाचतो. स्वच्छ चाकूने आतला छेद पूर्ण पांढरा किंवा हिरवा दिसेपर्यंत कापा, फांद्या सावलीत सुकवा आणि प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या फटीत खोचा. त्याच फटीत लगेच नको.

मग कारण शोधा. मानेभोवतीची खडी खाली बसून माती वर आली असेल. गळलेली पानं फटीत कुजत असतील. पावसाआधी आणि पावसातही ती चिमट्याने काढत राहा. किंवा फटीच्या तळाला पाणी अडत असेल. एक बादली पाणी ओतून पाहा. मिनिटाभरात ते दिसेनासं झालं पाहिजे. पावसाळ्यापुरता उतरता पारदर्शक पत्रा वर बांधणं हा सरळ आणि चांगला उपाय आहे, मात्र चारही बाजूंनी वारा खेळता ठेवा.

१३. सेम्पर्व्हिवमला उंच दांडा येऊन फुलं आली आणि तो गुच्छ मेला. काय चुकलं?

काहीच नाही. पानांचा प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. तोपर्यंत त्याच्या भोवती पिल्लं आलेली असतात. वाळलेला दांडा पिळून काढा, त्या खड्ड्यात खडी भरा, पिल्लं ती जागा भरून काढतील. कळी दिसताच दांडा कापून गुच्छ वाचवायचा प्रयत्न फारसा फळत नाही. फुलं बघा.

कलांचोचा प्रश्न उलटा असतो: तो फुलतच नाही अशी तक्रार येते. त्याला कळ्या धरायला सलग काही आठवडे रोज सुमारे १४ तास अंधार लागतो. रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल तर तो नुसता हिरवाच राहतो. जागा बदला किंवा संध्याकाळी खोक्याने झाका.

१४. सावलीच्या बाजूला रंग येईल का?

भडक नाही, पण देखणा येतो. थंड हवेत रॅमोन्डा आणि हॅबरलिया: जांभळट फुलं, सुरकुतलेली पानं. दोन्ही पूर्ण वाळून चुरगळल्यासारखी होतात आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडतात. त्यांना उभ्या फटीत आडवं लावा, म्हणजे पानांच्या मधोमध पाणी साचत नाही. उष्ण हवेत हंसराज आणि लहान बिगोनिया. ही बाजू उन्हाच्या बाजूपेक्षा ओली चालते, मिश्रणात पानांचं खत दुप्पट करा.

१५. बी थेट फटीत टाकलं तर?

चालतं, आणि अशी उगवलेली रोपं लावलेल्या रोपांपेक्षा चिवट निघतात, कारण पहिलं मूळच सरळ खाली जातं. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फटीवर सोडा. चिनी गुलाब आणि सेडम यांचं बी मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. डोंगराळ थंड प्रदेशातल्या अनेक झाडांच्या बियांना आधी थंडी लागते: ओलसर वाळूत मिसळून ४ अंशांच्या आसपास सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. उगवायला वर्षही लागू शकतं. कुंडीत पेरलं असेल तर ती कुंडी फेकू नका.

१६. जागा फक्त बाल्कनीत आहे. कुंडीत कपार होते का?

होते, आणि शिकायला तीच उत्तम. पसरट, निदान २० सेंटिमीटर खोल कुंडी घ्या, तळाला भोकं मोठी हवीत. स्लेट किंवा फरशीचे तुकडे उभे, जवळजवळ रोवा. काही काठाच्या वर येऊ द्या. तळाला खडीचा वेगळा थर घालू नका. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी भरड थरावर येऊन अडतं, म्हणजे ओलीची पातळी उलट मुळांजवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा आणि वरपर्यंत एकच मिश्रण, इतकंच. दगडांनी वजन बरंच वाढतं, ते आधी विचारात घ्या.

१७. घराच्या भिंतीला भेग आहे. तिच्यात झाडं लावू का? आणि तिथे पिंपळ उगवला तर?

राहत्या घराच्या भिंतीत लावू नका. भेगेतून पाणी आत जातं, तिची दुरुस्तीच करायला हवी. चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली बांधाची किंवा अंगणाची भिंत असेल तर खुशाल लावा. सेडम किंवा सदाफुलीची मुळं तिला धक्का लावत नाहीत.

पिंपळ, वड, उंबर यांचं मात्र तसं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि मूळ जाड होत दगड सरकवतं. दोन पानांचं रोप असतानाच, माती ओली असताना, मुळासकट उपटा. वर्ष गेलं की नुसतं कापून भागत नाही. ते खालून पुन्हा फुटतं आणि दगड उघडूनच मूळ काढावं लागतं. इतर तण जुन्या सुरीच्या टोकाने मानेखाली छाटून चिमट्याने ओढावं. वरच्या खडीचा थर जाड ठेवला की तणाचं निम्मं काम कमी होतं.

१८. डोंगरावर खडकात फुललेलं सुंदर रोप दिसलं. उपटून आणलं तर जगेल?

बहुधा नाही. प्रश्न २ मधली हातभर मुळं आठवा. वरून ओढलं की तुमच्या हातात झुपका येतो आणि झाडाचा जीव मागे कपारीत राहतो. शिवाय खडकावरच्या अनेक जाती एखाद्याच डोंगरापुरत्या असतात, आणि संरक्षित क्षेत्रातून काही उचलणं गुन्हा आहे. फोटो काढा, ते कोणत्या बाजूच्या फटीत आहे, सूर्य कुठून येतो, शेजारी काय वाढतंय हे टिपून ठेवा. मग तीच जात, किंवा तिची जवळची बहीण, रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली मिळते का ते पाहा, आणि तुमच्या बागेत तशाच तोंडाची फट तिच्यासाठी राखून ठेवा.